पावणेआठला घरात, साडेआठला जेवायला

प्रश्न: ताई, मी डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टला. सकाळी ७.४० ची लोकल असते आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकेपर्यंत पावणेआठ होतात. मुलगी दुसरीत आहे, शाळेनंतर शेजारच्या काकूंकडे असते. मिस्टर साडेआठपर्यंत येतात. सकाळी डब्याची पोळी-भाजी मी करते, पण रात्री पुन्हा पोळ्या, भाजी, आमटी, भात करायचं त्राण उरत नाही. दिवा स्टेशन गेलं की गाडीतच मोबाइल काढते आणि काहीतरी मागवून टाकते. आठवड्यातून चार दिवस असंच होतं. महिन्याला सात-आठ हजार त्यातच जातात, मुलीचं पोट सारखं बिघडतं आणि रविवारी आणलेली भाजी गुरुवारपर्यंत सडते. सासूबाई गावाहून येतात तेव्हा त्यांच्यासमोर बाहेरचे डबे उघडताना मान वर करवत नाही. स्वस्तात आणि पटकन होईल असं काही सांगा. आम्ही अंडी-मासे खातो. मला स्वयंपाक येतो हो, वेळच पुरत नाही. मी आळशी झालेय का?
— एक नोकरदार आई, डोंबिवली

उत्तर: नाही, तुम्ही आळशी नाही. पहाटे उठून तिघांचे डबे भरून, उभ्याने लोकल गाठून, दिवसभर काम करून जी बाई रात्री घरी येते, ती दमलेली असते. दमणं आणि आळस यांत फरक आहे, आणि तो तुम्ही स्वतःच्या बाबतीत करायलाच हवा.

पदार्थ सांगतेच. पण तुमच्या पत्रात मला पदार्थांची उणीव दिसली नाही. तुमचं अडतंय ते ‘पोळ्या, भाजी, आमटी, भात’ या चार शब्दांपाशी. हा चारी ठाव स्वयंपाक आपण दोन्ही वेळ करायचाच असं धरून चालतो. वास्तविक आपल्याकडे कितीतरी घरांत रात्रीचं जेवण साधंच असायचं: खिचडी-कढी, पिठलं-भाकरी, मऊ भात-मेतकूट, सकाळच्या आमटीत सोडलेली कणकेची फळं. सकाळी पोळी-भाजी झालेली असताना रात्री एकच मुख्य पदार्थ आणि तोंडी लावायला काहीतरी, एवढं पान कुणाही माणसाला पुरतं. तेव्हा पहिला निर्णय हा घ्या, की आठवड्यातले पाच दिवस रात्री एकच भांडं चढेल. एक कुकर किंवा एक कढई, फार तर शेजारी भात. हे घरात मोठ्याने सांगून टाका, म्हणजे रोज रात्री स्वतःशी वाद घालावा लागणार नाही.

दुसरा निर्णय वेळेचा. आज काय करायचं हे पावणेआठला ओट्यापाशी उभं राहून ठरवायला गेलात, तर हार ठरलेली. पोटात आग, मुलगी पायात घोटाळतेय, समोर न निवडलेली मेथी, अशा वेळी कुणीही मोबाइलच उचलेल. आणि तुम्ही तर त्याही आधी, दिव्यालाच उचलता, कारण भूक तिथेच लागलेली असते. म्हणून पर्समध्ये चणे-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवा आणि ठाणं आलं की तोंडात टाका. मुलीलाही साडेसहाच्या सुमाराला काकूंकडे केळं किंवा दूध-पोहे मिळतील असं बघा. पोटात थोडं असलं की अर्धा तास धीर धरता येतो, आणि तुम्हाला अर्धाच तास हवा आहे. काय करायचं ते मात्र आदल्या रात्री किंवा सकाळी ठरलेलं असू द्या, कारण बऱ्याचशा पदार्थांचं निम्मं काम भिजवण्यात असतं आणि ते तुम्ही ऑफिसात असताना आपोआप होतं.

आता फडताळाकडे येऊ. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. झटपट म्हणून जे बाजारात मिळतं त्याच्या कितीतरी आधी आपल्या बायकांनी झटपट स्वयंपाकाची पुरी तयारी करून ठेवली होती. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, कोकणातलं कुळथाचं पीठ, मराठवाड्यातलं येसर, उन्हाळ्यात घातलेले सांडगे. भाजणं, दळणं, वाळवणं ही सगळी वेळखाऊ कामं एकदाच उरकून डबे भरायचे आणि वेळेला फक्त पाणी आणि फोडणी लागायची. शेतावरून दिवेलागणीला परतणाऱ्या बाईलाही तुमच्याइतकाच वेळ असायचा. हे डबे तुमच्या घरात नसतील तर या महिन्याच्या वाणसामानात घाला. डोंबिवलीत मराठी पदार्थांच्या दुकानांत आणि बचत गटांकडे हे सगळं मिळतं. नाहीतर सासूबाईंना सांगा, गावाहून येताना भाजणी आणि कुळथाचं पीठ आणा म्हणून. सांगून बघाच. तुमच्या घरात आपल्या हाताला मागणी आहे हे कळलं की त्यांनाही बरं वाटेल, आणि बाहेरच्या डब्यांवरून तुमच्या मनात जे अवघडलेपण आहे तेही निवळेल.

पिठलं तुम्हाला येतंच असेल, तरी प्रमाण देते, कारण घाईत तेच चुकतं. तिघांना एक वाटी बेसन आणि तीन वाट्या पाणी. बेसन आधी एका वाटी पाण्यात कालवून ठेवा, म्हणजे गुठळ्यांची भीती नाही. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, मिरची आणि कांदा परता, उरलेलं पाणी आणि मीठ घालून उकळी आणा, मग कालवलेलं पीठ ओतत हलवा. दाट झालं की झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं दणदणीत वाफ येऊ द्या. ही वाफ गाळू नका, कच्च्या बेसनाने मुलीचं पोट हमखास दुखेल. शेजारच्या शेगडीवर भात होतोच. कुळथाचं पिठलं याहून सोपं आणि पातळ: तीन वाट्या पाण्याला चार मोठे चमचे पीठ, भरपूर लसूण, दोन-तीन आमसुलं. गुरगुट्या भातावर ते आणि भाजलेला पापड. पावसाळ्यात भिजून आल्यावर याच्याइतकं सुख देणारं दुसरं जेवण मला माहीत नाही. येसरही तसंच. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ असतं. फोडणीच्या उकळत्या पाण्यात कालवून सोडलं की आमटी तयार, डाळ शिजवायलाच नको.

थालिपिठाला भाजणीत कांदा, कोथिंबीर, तिखट-मीठ आणि जे असेल ते किसून घाला. दुधी, गाजर, कोबीचा उरलेला तुकडा, काहीही चालतं. मुलगी भाज्यांना नाक मुरडत असेल तर त्या पोटात जाण्याचा हा सरळ रस्ता आहे. सोबत दही किंवा लोणी. तीन थालिपिठांना वीस मिनिटं पुष्कळ झाली, दोन तवे असतील तर त्याहून कमी.

कुकरचा सगळ्यात मोठा गुण हा की तो तुमच्याविना काम करतो. एक वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मुगाची सालाची डाळ धुऊन घ्या. कुकरमध्येच फोडणी करा, त्यात हाताला येईल ती भाजी घाला, डाळ-तांदूळ परता, चार वाट्या पाणी, मीठ, तीन शिट्ट्या. या कामात तुमचे हात दहा मिनिटं गुंततात. पुढची पंधरा मिनिटं तुम्ही तोंड धुवा, कपडे बदला, मुलीची वही बघा. आल्याआल्या पर्स ठेवून आधी कुकर लावायचा आणि मग बाकीचं, हा क्रम मोडू नका. पाच मिनिटं टेकते म्हणून बसलात की उठवत नाही. खिचडीबरोबर ताक, लोणचं, भाजलेला पापड. भातात लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी असतो आणि तो डाळीत भरपूर, डाळीत जे कमी पडतं ते भात भरून काढतो, त्यामुळे खिचडी म्हणजे आजाऱ्याचं किंवा कसंतरी भागवलेलं जेवण असं मनात आणू नका. वाढत्या मुलीला ती पिझ्झ्यापेक्षा कितीतरी जास्त देते.

मला सगळ्यात जवळची वाटतात ती वरणफळं. कुणी त्यांना चकोल्या म्हणतात. सकाळी डब्याची गडबड चालू असताना कुकरला वाटीभर तुरीची डाळ लावून टाका. निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, आणि सकाळच्याच कणकेतून दोन मोठे गोळेही बाजूला काढून तेलाचा हात लावून ठेवा. रात्री मोहरी, जिरं, हिंग, लसूण, कढीपत्त्याची फोडणी करून डाळ घोटून ओता, चार-पाच वाट्या पाणी घालून पातळ करा, गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा. ते उकळेपर्यंत दोन जाडसर पोळ्या लाटून सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडा. खळखळ उकळी आली की एकेक सोडा, एकदम ओतलेत तर गोळा होईल. आठ-दहा मिनिटांत शिजतात. वर साजूक तूप. पोळी आणि आमटी दोन्ही एका भांड्यात झालं, तव्यापुढे उभं राहणं वाचलं. कातायला मुलीला बसवा, तिला खेळ होईल; सुरीऐवजी शंकरपाळ्यांचं चक्र द्या.

भिजवण्याच्या पदार्थांत कडधान्यं आली. मूग सकाळी भिजवले तर रात्री उपसून फडक्यात बांधायचे आणि दुसऱ्या दिवशी रात्री मोडाची उसळ, म्हणजे एक दिवस आधीचा विचार हवा. तो नेहमी सुचणार नाही, म्हणून अख्खा मसूर घरात ठेवा. तो न भिजवताही कुकरला पाच-सहा शिट्ट्यांत शिजतो, आणि सकाळी भिजत घातला तर तीनच पुरतात. इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यांवर अख्ख्या मसुरासाठी माणसं वाट वाकडी करून जातात. तो घरी करायला कांदा, टोमॅटो, आलं-लसूण आणि कांदा-लसूण मसाला एवढंच लागतं. सोबत पाव किंवा सकाळच्या उरलेल्या पोळ्या गरम करून.

अंडी खाता हे तर उत्तमच. कांदा-टोमॅटोच्या रश्शात उकडलेली अंडी किंवा नुसती बुर्जी, पंधरा मिनिटांचं काम. मासे म्हणाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी ओली मासळी साफ करत बसू नका. सुका जवळा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. कोरडा भाजायचा, धुऊन पिळायचा, भरपूर कांदा, तिखट, दोन आमसुलं, की झालं. मूठभर जवळ्यात तिघांचा भात सरतो.

पैशांचं बोलू. आठवड्याला चारदा म्हणजे महिन्याला सोळा-सतरा वेळा तुम्ही मागवता, एका वेळेचे सव्वाचारशे-साडेचारशे पडतात. वर सांगितलेलं पिठलं-भात तिघांना चाळीसच्या आत बसतो, अंड्यांचा रस्सा केला तरी शंभराच्या वर जात नाही. चारांतले तीन दिवस घरी शिजवलंत तर महिन्याला पाच हजारांच्या आसपास हातात राहतील. चौथा दिवस ठेवा. शुक्रवारी मनसोक्त मागवा, तिघांनी बसून मजेत खा, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

भाजी सडते याचं कारण सहसा हे, की रविवारी आपण आठवड्याचा उत्साह विकत आणतो. तुम्ही रात्री एकच भांडं चढवणार असाल तर भाजी निम्मीच लागेल. पालेभाजी आणली तर ती सोमवार-मंगळवारच्या डब्यात संपायला हवी. भेंडी, गवार बुधवारपर्यंत. कोबी, दुधी, लाल भोपळा, गाजर थांबतात, ते शेवटासाठी. स्टेशनबाहेर निवडलेल्या, चिरलेल्या भाज्यांच्या पिशव्या मिळतात. सगळ्याच घेण्यात अर्थ नाही, महाग पडतात, पण निवडलेली मेथी, सोललेला लसूण, दाणे काढलेला मटार यांचे चार पैसे जास्त द्यायला माझी काही हरकत नाही. घरी आणून धुवा मात्र नीट. गाडीत बसायला जागा मिळालीच तर बायकांच्या डब्यात वाटाणे सोलणं हे मुंबईला नवं नाही, पण ते रोज करायलाच हवं असं मी सांगणार नाही. तो तास डोळे मिटून घेतलेत तरी चालेल.

रविवारी आठवड्याचा सगळा स्वयंपाक करून ठेवण्याची पद्धत आता पुष्कळ घरांत रुळते आहे. मला ती तुमच्यासाठी योग्य वाटत नाही. तुम्हाला एकच सुट्टी, ती पण ओट्यापाशी जायची, आणि गुरुवारी चार दिवसांपूर्वीची भाजी कुणी आवडीने खात नाही. त्यापेक्षा तिघांनी मिळून पाऊण तास बसा. शेंगदाणे भाजून कूट करा. आलं-लसूण थोडं मीठ आणि तेल घालून वाटा, काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून, वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, रोज दोन खडे काढले की उसळ, अंडी, बटाटा कशालाही रस्सा होतो. एवढीच तयारी, पण रात्रीची पंधरा-वीस मिनिटं यातच वाचतात.

एक काळजी घ्या. सकाळचा भात दिवसभर ओट्यावर ठेवून रात्री फोडणीला घालायची सवय असेल तर ती सोडा. शिजवलेल्या भातात काही जिवाणू तग धरतात, उष्ण हवेत वाढतात आणि त्यांचं विष नुसतं परत गरम करून जात नाही. उलट्या-जुलाब होतात ते यानेच कितीदा. भात उरला तर तासाभरात पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. वरणाचंही तसंच, रात्री खळखळून उकळा.

पोळ्यांशिवाय मिस्टरांचं पोट भरत नाही असं असेल तर पोळ्या विकत आणा. तुमच्या स्टेशनाजवळ पोळी-भाजी केंद्रं आहेत. सहा पोळ्यांना जे पैसे जातील ते मागवलेल्या जेवणाच्या पाव हिश्शाहूनही कमी असतील, आणि ते बहुतेक वेळा तुमच्यासारख्याच एखाद्या बाईच्या संसाराला लागतात. गिरणगावात हजारो कामगार खाणावळवाल्या बायकांच्या हातचं जेवूनच राहिले. त्याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. दुसऱ्या बाईच्या हातची पोळी ताटात आली म्हणजे आपण कमी पडलो, असं मुळीच नाही.

आणि हे मला आवर्जून विचारायचंय. तुमच्या सबंध पत्रात मिस्टर फक्त एकदा येतात, साडेआठला. डबे तुम्ही, भाजी तुम्ही, रात्रीची काळजी तुम्ही, लाजही तुम्हीच बाळगता. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच चारांत एक. म्हणजे हे तुमच्याच घरी घडतंय असं नाही, पण म्हणून ते तसंच चालू ठेवायचं कारणही नाही. ते उशिरा येतात हे खरं. मग त्यांच्या वेळेला जमतील अशी कामं पूर्ण त्यांच्याकडे द्या: सकाळी डाळ आणि कडधान्य भिजवणं, कुकर लावणं, येताना दूध-अंडी-कोथिंबीर आणणं, जेवणानंतर ओटा, भांडी आणि उद्याचं काय ते ठरवणं. पूर्ण म्हणजे तुम्ही आठवण करून द्यायची नाही. पहिल्या आठवड्यात मसूर भिजवायचे राहतील. राहू द्या, त्या रात्री भात-मेतकूट खा. तुम्ही धावत जाऊन निस्तरलंत तर ते काम पुन्हा तुमच्याच गळ्यात येईल. बुधवार त्यांचा, असंही ठरवता येईल. बुर्जी-पाव तर कुणालाही शिकता येतो.

सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात सोमवारी खिचडी आणि बुधवारी अंडी, एवढंच जमवा, बाकी दिवस जसे चालले आहेत तसे चालू देत. पुढच्या आठवड्यात त्यात वरणफळं येतील. मुलीला पहिले काही दिवस तिखट कमी घाला, बाहेरच्या चवीची जीभ घरच्या चवीला यायला वेळ घेते. आणि तीन-चार आठवडे घरचं खाऊनही तिचं पोट दुखत राहिलं, तर ते जेवणावर ढकलून न देता बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.